हलकं पेडल स्टील घेताना: वजन ठरलं की ट्यूनिंगही ठरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 30 वर्षं तुम्ही सहा तारांची हवाईयन गिटार मांडीवर घेऊन वाजवताय. ए मेजरमध्ये लावून, भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी. आता पेडल स्टील घ्यायचंय, म्हणजे पायांवर उभी राहणारी, पेडल आणि गुडघ्याच्या लिव्हरने तारांचे सूर बदलणारी स्टील गिटार. वय 58, कंबरेचं दुखणं, इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. म्हणून एका नेकचं (तारांचा एकच संच असलेलं) आणि हलकं हवंय. पुढे विचारलंय की ई-नाइन घ्यावं, सी-सिक्स घ्यावं (ही दोन रुळलेली ट्यूनिंगं), दोन्ही एकत्र करणारं बारा तारांचं युनिव्हर्सल घ्यावं, की रागांना सोयीचं स्वतःचंच ट्यूनिंग बसवून घ्यावं?

तुम्ही हे दोन प्रश्न म्हणून विचारलेत, एक वजनाचा आणि एक ट्यूनिंगचा. माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. हलकं आणि एका नेकचं असं ठरलं की तुमचं ट्यूनिंग जवळजवळ ठरलेलंच असतं: दहा तारांचं ई-नाइन, तीन पेडल, चार किंवा पाच नी लिव्हर (गुडघ्याने ढकलायच्या दांड्या). का, ते सविस्तर सांगतो. हे मी पैसे आणि पाठ दोन्ही घालवून शिकलोय.

22 वर्षांपूर्वी मी पहिलं पेडल स्टील घेतलं ते दोन नेकचं, जुनं, मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून. पुढच्या नेकवर ई-नाइन, आतल्या नेकवर सी-सिक्स, आठ पेडल. मनात होतं की दोन्ही असलेली बरी. पेटीसकट वजन 30 किलोच्या वर. कसारा घाट चढून नाशकात आणलं तेव्हा पेटीच्या तळाशी दोन सुटे स्क्रू लोळत होते आणि एका पायाच्या सॉकेटचे आटे गेलेले होते. सातपूरच्या एका वर्कशॉपमधून ते नव्याने पाडून घ्यावे लागले. पुढे कालिदास कलामंदिराच्या मागच्या दारातून ती पेटी आत न्यायला दरवेळी दोन माणसं लागायची. कार्यक्रम संपला की सगळे चहाला जायचे आणि मी पेटीपाशी थांबायचो. त्यातही सी-सिक्सचा नेक ऑर्केस्ट्रात वर्षाकाठी दोन-तीन गाण्यांना लागायचा, म्हणजे अर्धं ओझं मी नुसतं वाहत होतो. ते विकलं आणि नऊ वर्षांपूर्वी एका नेकचं हलकं घेतलं. तेव्हापासून रोज वाजवतोय. जड वाद्य पेटीत राहतं, हलकं बाहेर निघतं. रियाजाच्या दृष्टीने हाच फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

आता वजन नेमकं कशाचं असतं ते बघू. लोक लाकडाकडे बघतात. मेपलचं अंग जड असतंच, पण खालची यंत्रणाही तितकीच जड असते. पेडल स्टील उलटं करून पाहिलंत की कळेल. प्रत्येक पेडलला आणि प्रत्येक लिव्हरला एक आडवा शाफ्ट. त्या शाफ्टवर, ज्या ज्या तारा बदलायच्या त्या प्रत्येकीसाठी एक बेलक्रँक, म्हणजे तरफेसारखा छोटा तुकडा. त्या बेलक्रँकपासून उजव्या टोकाच्या चेंजरपर्यंत जाणारा एक पुल रॉड. पेडल दाबलं की रॉड ओढला जातो, चेंजरमधलं ॲल्युमिनियमचं बोट फिरतं आणि तार ताणली जाते किंवा सैल सोडली जाते. पेडल सोडलं की स्प्रिंग ते बोट जागेवर आणते. म्हणजे प्रत्येक जादा पेडल म्हणजे जादा शाफ्ट, जादा रॉड, जादा लोखंड. सी-सिक्स नीट वाजवायला जमिनीवर परंपरेने पाच पेडल लागतात. तीन पेडलांच्या हलक्या वाद्यावर सी-सिक्स बसवलं तर त्याचा अर्धा गाभाच निघून जातो. युनिव्हर्सलचं तेच. बारा तारा म्हणजे रुंद नेक, रुंद चेंजर आणि सात-आठ पेडल. वाद्य उत्तम, पण तुमच्या तिसऱ्या मजल्याला ते मानवणार नाही.

ढोबळ आकडे लक्षात ठेवा. हलकं म्हणूनच बांधलेलं एका नेकचं वाद्य पेटीशिवाय साधारण 11 ते 14 किलो भरतं. पारंपरिक बांधणीचं एका नेकचं 16 ते 20 किलो. मध्ये एक फसवा प्रकार आहे. जाहिरातीत एस-10 आणि एसडी-10 अशी दोन नावं दिसतील. एस-10 म्हणजे एका नेकचं अंग. एसडी-10 म्हणजे दोन नेकांच्या रुंदीचं अंग, पण नेक एकच, दुसऱ्याच्या जागी हात टेकायला गादी. गादी सुखाची असते, पण त्या सुखाचे दोन-तीन किलो जास्त होतात. तुम्ही एस-10 च बघा. हात टेकायची सवय तुम्हाला मांडीवरच्या गिटारमुळे नाहीच.

दुसरी वजन वाचवणारी गोष्ट म्हणजे कीलेस बांधणी. नेहमीच्या वाद्याला डाव्या टोकाला खुंट्यांचं लांब डोकं असतं. कीलेसमध्ये ते काढून टाकलेलं असतं आणि तारा ॲलन कीने लावाव्या लागतात. लांबी कमी होते, पेटी लहान होते, नटच्या पलीकडे तारेचा मोकळा भाग फार उरत नाही म्हणून नवी तार लवकर स्थिरावते. अडचण एवढीच की ॲलन की हरवली तर तुम्ही अडकलात. मी तीन ठेवतो: एक पेटीत, एक खिशात, एक स्कूटरच्या डिकीत.

आता हलक्या वाद्यांचा खरा दोष. पेडल दाबताना तुम्ही यंत्रणेसकट सगळं अंग खाली ओढत असता. अंग हलकं आणि पातळ असेल तर ते किंचित वाकतं आणि ज्या तारांना तुम्ही हात लावलेला नाही त्याही उतरतात. वादक याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. तपासायची रीत सोपी आहे. ट्यूनर लावा. चौथी तार मोकळी वाजवा आणि ती वाजत असतानाच ए आणि बी (डावीकडची पहिली दोन) ही दोन्ही पेडलं एकदम पूर्ण दाबा. या दोन पेडलांचा चौथ्या तारेशी काहीही संबंध नाही, म्हणून काटा हलायला नको. तो तीन-चार सेंट (सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरला तर हरकत नाही, कान ते पोटात घालतो. दहाच्या वर उतरला तर ते वाद्य स्वस्तातही घेऊ नका. हे नंतर स्क्रू पिळून दुरुस्त होत नाही. चांगला बांधणारा हलक्या वाद्यात ॲल्युमिनियमची चौकट आणि जोडांची जागा अशी ठेवतो की हा उतार कमी राहतो. तुम्ही पैसे मोजता ते त्या कसबाचे.

अंगावर लॅकर हवं की मायका, असंही तुम्ही विचारलंय. मायका घ्या. आपल्याकडे स्वयंपाकघरात सनमायका असतो तोच प्रकार. लॅकरखालचं मेपल दिसायला फार देखणं असतं, मला कबूल आहे. पण नाशिकचा जुलै आणि नाशिकचा जानेवारी एकाच घरात काढायचे आहेत. पावसाळ्यात भिंती घाम धरतात आणि थंडीत पहाटे पारा एक आकडी होतो. मायकाला ओरखडे कमी आणि काळजीही कमी.

मग कोणाचं घ्यायचं? कीलेस आणि हलकं म्हणून अमेरिकेतलं जीएफआय अल्ट्रा वादकांमध्ये बराच काळ मान्य आहे. शिकणाऱ्यांसाठी नेटकं बांधलेलं स्टेज वन हे तीन पेडल, चार लिव्हरचं वाद्य आहे, दाम त्यामानाने कमी. एमएसए टेक्सासमध्ये अतिशय पक्कं काम करतात, दामही तसाच. जुन्या बाजारात शो-बडचं मॅव्हरिक स्वस्त दिसेल. नाव मोठं आहे, पण ते शिकाऊ मॉडेल तीन पेडल आणि एकाच लिव्हरचं. एका लिव्हरवर आजचं ई-नाइन वाजत नाही आणि त्याला लिव्हर वाढवायला जाल तर वाद्याच्या किमतीइतका खर्च होईल. किमान चार लिव्हर, ही माझी अट समजा.

आता ट्यूनिंग. इथे मला थोडं रेंगाळू द्या, कारण हवाईयन वाजवणाऱ्या मराठी माणसाला ई-नाइन जितकं लवकर कळेल तितकं क्वचित कोणाला कळत असेल, फक्त ते सरगमीत मांडलं पाहिजे.

वाजवणाऱ्यापासून सगळ्यात लांबची तार पहिली. तिथून आपल्याकडे येताना:

एफ-शार्प, डी-शार्प, जी-शार्प, ई, बी, जी-शार्प, एफ-शार्प, ई, डी, बी.

ई ला षड्ज धरा:

रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प.

बघा, तिसरीपासून आठवीपर्यंत तुमचाच मेजर कॉर्ड आहे, मधल्या सातव्या रे सकट. पहिल्या दोन तारा, रे आणि नी, उंचीच्या क्रमाने बसत नाहीत. सगळ्यात उंच तार तिसरी आहे. पहिले पंधरा दिवस तुमचा अंगठा आणि बोटं इथे चुकतील. हात क्रमाला सरावलेला असतो, त्याला वेळ द्या.

आता पेडल. डाव्या पायाखाली तीन. ए पेडल पंचमाचा धैवत करतं, पाचव्या आणि दहाव्या तारेवर. बी पेडल गंधाराचा शुद्ध मध्यम करतं, तिसऱ्या आणि सहाव्या तारेवर. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चा सा-म-ध होतो. तारांवर टेकवलेला डाव्या हातातला पोलादी बार जागचा हलत नाही. सी पेडल चौथ्या तारेच्या सा चा रे आणि पाचव्या तारेच्या प चा ध करतं. डाव्या गुडघ्याच्या एका लिव्हरने सा चा कोमल रे होतो, याला वादक एफ लिव्हर म्हणतात. दुसऱ्या लिव्हरने सा चा शुद्ध नी. हा नी, सातव्या तारेचा रे आणि पाचव्या तारेचा प मिळून पंचमाचा कॉर्ड झाला. म्हणजे एका फ्रेटवर बसून, बार न हलवता, सा, म आणि प या तिन्हींवरचे कॉर्ड हाताशी आले. भावगीताच्या साथीचं निम्म्याहून अधिक काम इथेच झालं. उजव्या गुडघ्याचे लिव्हर पहिल्या, दुसऱ्या आणि नवव्या तारेवर काम करतात, पण ते पहिल्या सहा महिन्यांनंतर.

गायक काळी एकला आहे असं समजा. नवव्या फ्रेटवर मोकळ्या तारांत सा-ग-प मिळेल. तोच कॉर्ड चौथ्या फ्रेटवर ए आणि बी दाबून मिळेल आणि मोकळ्या नटवर, म्हणजे शून्यावर, ए पेडल आणि एफ लिव्हरने मिळेल. गायक काळी चारला गेला तर मोकळा चौथा, ए-एफ सातवा, ए-बी अकरावा. सूत्र एकच: मोकळ्या जागेपासून तीन फ्रेट वर ए-एफ, सात फ्रेट वर ए-बी. हे पाठ झालं की हार्मोनियमवाल्याने पट्टी बदलली तरी तुम्ही दचकणार नाही.

ही रचना कोणी एका दिवसात बसवलेली नाही. स्टील वादक बड आयझॅक्स यांनी वाजता कॉर्ड पेडलने वळवण्याची ही जादू 1954 साली गायक वेब पिअर्स यांच्या गाजलेल्या रेकॉर्डवर ऐकवली आणि अमेरिकेतले स्टील वादक आपापल्या वाद्यांना सळ्या जोडायला धावले. पुढे दुसरे स्टील वादक बडी एमन्स यांनी त्या एका पेडलचं काम दोन पेडलांत वाटलं, म्हणून आज ए आणि बी वेगळे आहेत. ए-बी-सी या डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या क्रमाला एमन्स सेटअप म्हणतात, उलट्याला डे सेटअप. एमन्स घ्या. शिकवणीची बहुतेक सामग्री त्या क्रमाला धरून आहे आणि नाशकात तुमच्या शेजारी बसून शिकवणारा मिळणं अवघड. कोणत्या पेडलने काय होतं याबद्दल तुमचं आणि शिकवणाऱ्याचं एकमत असलं पाहिजे. स्वतःचं वेगळं ट्यूनिंग पहिल्याच वाद्यात बसवू नका म्हणतो त्याचं पहिलं कारण हेच.

दुसरं कारण रागाचं आहे. तुम्हाला वाटतंय की भैरवासाठी कोमल धैवताचं पेडल, तोडीसाठी आणखी काही, असं बसवावं. मला हा मोह समजतो, मीही त्यातून गेलोय. पण पेडल दरवेळी तेवढंच आणि त्याच ठिकाणी जातं. त्याला थांबा लावलेला असतो. भैरवाचा रे जसा आंदोलित हवा तसा तो डाव्या हातातल्या बारनेच येतो आणि तो हात तुमच्याकडे 30 वर्षांचा तयार आहे. गिटारवादक ब्रिजभूषण काबरा यांनी हिंदुस्थानी संगीत या वाद्यकुळावर उभं केलं ते बारच्याच बळावर, पेडलशिवाय. मग पेडलने रागात काय मिळतं? जे बारने कधीच मिळणार नाही ते. आठवी तार सा वर आणि पाचवी प वर गुंजत ठेवा, बार स्थिर धरा आणि बी पेडलने सहाव्या तारेवर ग-म-ग करा. षड्ज-पंचम जागेवर आणि त्यांच्यामधून गंधार मध्यमाकडे सरकून परत येतो. हवाईयनवर बार हलला की सगळ्याच तारा हलतात, म्हणून हे शक्यच नव्हतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पंचवटीतल्या माझ्या खोलीत अर्धा तास फक्त तेवढंच वाजवत बसलो होतो. दहा तारांवर ई-नाइनचं साधं, रुळलेलं ट्यूनिंग तुम्हाला हे देतं. त्यासाठी नवं काही शोधायला नको.

सी-सिक्सविषयी न्याय करायचा तर तेही सांगतो. खर्जाकडून वर त्याच्या तारा सा, म, ध, सा, ग, प, ध, सा, ग, प अशा बसतात. त्याचा भरदार, गोल आवाज तुमच्या हवाईयनला जवळचा वाटेल आणि म्हणूनच काही जण तुम्हाला सी-सिक्सच सुचवतील. जॅझ आणि स्विंगच्या रंगाला ते अप्रतिम आहे. पण तो रंग तुमच्या सहा तारांच्या गिटारवर सी-सिक्स लावूनही बऱ्यापैकी मिळतो. त्यासाठी पेडल स्टील घ्यायची गरज नाही. जे घरात आहे तेच दुसऱ्यांदा विकत घेऊ नका.

आता वाद्य लावण्याबद्दल. इथे आपला कान पाश्चात्त्य शिकाऊ वादकाच्या पुढे असतो, पण त्याच कानाची अडचणही होते. ट्यूनरवर प्रत्येक तार शून्यावर आणली आणि कॉर्ड छेडला की तुम्हाला तो टोचणार. ट्यूनरचा गंधार षड्जापासून 400 सेंटवर असतो आणि तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार 386 वर. चौदा सेंटचा फरक. पेडल स्टीलवर सूर लांब टिकतात, म्हणून तो फरक लपत नाही. जगभरचे स्टील वादक म्हणूनच गंधाराच्या तारा उतरत्या लावतात. तानपुऱ्याच्या भाषेत ते स्वयंभू गंधार शोधत असतात, एवढंच.

एकटे वाजवत असाल तर ई शून्यावर ठेवा, बी दोन सेंट चढी आणि दोन्ही जी-शार्प थेट 14 सेंट उतरते. ए पेडलचा धैवत मध्यमाला गोड लागेपर्यंत उतरवा. तो साधारण 16 सेंट खाली बसतो आणि गंधाराशी त्याचा संवादही आपोआप जुळतो. पण साथीला हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर त्यांचा गंधार 400 वरच राहणार. तिथे मी जी-शार्प आठ-दहा सेंटच उतरवतो. कॉर्डला गोडवा राहतो आणि पेटीशी भांडण होत नाही.

ऋषभाचा पेच मात्र खरा आहे आणि तो तुम्हाला आवडेल. सातवी तार पंचमाशी जुळवून लावली की तिचा रे षड्जापासून 204 सेंटवर येतो. पण ए पेडलच्या धैवताबरोबर तोच रे वाजवला तर बेसूर वाटतो, कारण त्या धैवताला 182 सेंटवरचा रे हवा असतो. मधलं अंतर 22 सेंट. आपल्या जुन्या ग्रंथांत याला प्रमाण श्रुती म्हणतात आणि चतुःश्रुती व त्रिश्रुती ऋषभातला फरक तो हाच. अमेरिकेत बांधलेल्या यंत्रावर भरताची श्रुती समोर येऊन उभी राहते. उपाय यंत्रातच आहे: सी पेडलनेही रे मिळतो आणि त्याच वेळी धैवतही. तो रे त्या धैवताला जुळवून, म्हणजे उतरता लावा. सातव्या तारेचा रे पंचमासाठी, सी पेडलचा रे धैवतासाठी. दोन ऋषभ, दोन जागा.

लावण्याचा क्रम चुकवू नका. आधी मोकळ्या तारा डाव्या टोकाला. मग उजव्या टोकाच्या पट्टीतून डोकावणारे नायलॉनचे षटकोनी नट. प्रत्येक नट म्हणजे एका तारेचा एक बदल. पेडल पूर्ण दाबून धरा आणि नट फिरवून स्वर जुळवा. मोकळी तार पुन्हा हलवली की तिचे सगळे बदल पुन्हा तपासायचे. पहिल्या महिन्यात हे तासभर चालतं, नंतर दहा मिनिटांत होतं.

तारांची काळजी करू नका. साध्या तारा, 11, 13, 14, 15, 17 या जाडीच्या, कोणत्याही इलेक्ट्रिक गिटारच्या दुकानात सुट्या मिळतात. तुटणार आहे ती तिसरी, 11 ची. डझनभर घेऊन ठेवा. गुंडाळीच्या तारा मात्र ई-नाइनचा संच म्हणून मागवा. बारसाठी बाहेर बघायची गरज नाही. तुमचा सहा तारांचा बार दहा तारांना आखूड पडेल. अंबडला लेथवर स्टेनलेस स्टीलचा, 24 मिलिमीटर व्यासाचा, 85 मिलिमीटर लांब, एक टोक बंदुकीच्या गोळीसारखं गोल असा करून घ्या आणि आरशासारखं पॉलिश मागा. तीनशे ग्रॅमच्या आसपास भरेल. हा जड असलेलाच बरा.

चेंजरला महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या, जास्त नको. गंज सोडवणारा स्प्रे तिथे मारू नका. तो उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो.

पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) हंबकर, म्हणजे दोन कॉइलच्या प्रकारचा मागा. सिंगल कॉइलचा आवाज मोकळा असतो, पण गणपतीच्या मांडवात रोषणाईच्या डिमरशेजारी बसलात की तो घरघरतो. जुना अमेरिकन अँप्लिफायर घेत असाल तर आधी मागची पाटी वाचा. 120 व्होल्टचा असेल तर आपल्या 230 वर थेट लावला की जळेल, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल आणि त्याचं वजन पुन्हा तुमच्याच हाताला. इथेच मिळणारा, स्वच्छ आवाजाचा कीबोर्डचा अँप्लिफायर घ्या. व्हॉल्यूम पेडल मात्र पहिल्या दिवसापासून हवं. उजवा पाय त्यावरच असतो आणि सूर विझत असताना तो पाय हळूहळू पुढे देणं हीच या वाद्याची दमसास आहे.

मागवताना वाहतूक आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. विजेवर आवाज वाढवावा लागणारी वाद्यं सीमाशुल्काच्या यादीत 9207 या शीर्षकाखाली येतात. त्या दिवसाचा दर क्लिअरिंग एजंटकडून लेखी घ्या आणि बिलावर पेडल स्टील गिटार असंच लिहून मागा. नुसतं यंत्राचे भाग असं लिहिलेलं बिल आलं तर पेटी गोदामात अडकते. परदेशातून कोणी नातेवाईक येणार असेल तर हलक्या एस-10 चा आणखी एक फायदा आहे: पाय आणि पेडलची पट्टी वेगळ्या बॅगेत टाकली तर वाद्याची पेटी बहुधा 23 किलोच्या एका नगात बसते. तिसऱ्या मजल्यावर चढवतानाही हीच विभागणी ठेवा, दोन खेपांत.

आणि कंबर. हे वाद्य बैठकीवर मांडी घालून वाजत नाही. बिनहाताची, कडक बैठकीची खुर्ची लागते. मांडी लिव्हरच्या खाली मोकळी राहिली पाहिजे आणि गुडघा बाजूला सरकवताना कमरेतून वळावं लागता कामा नये. वाद्य बुटकं पडलं तर तुम्ही वाकाल आणि कंबर पुन्हा धरेल. बहुतेक बांधणारे पाय दोन-तीन सेंटिमीटर लांब करून देतात, पण मग पेडलचे उभे रॉडही तेवढेच लांब हवेत. हे सांगायचं राहून गेलं तर पेडलं जमिनीपासून नको तितकी वर राहतात. तेव्हा ऑर्डर देण्याआधी रोज ज्या खुर्चीवर बसणार त्याच खुर्चीवर, रोजच्याच चपला-बुटात बसा आणि जमिनीपासून मांडीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजून घ्या. तो आकडा आणि तुमची उंची मला कळवा. पायांची लांबी काय सांगायची ते मी काढून देतो.